एकट्यानंच विचारलेला प्रश्न

पुण्याहून येणारी दुपारची एस.टी. पौडला थांबली आणि कंडक्टर शाळेच्या पायरीवरूनच म्हणाला, "बाई, लिहिनारं दादा गेलं." मी फळ्यावर बेरीज मांडत होते. ती पुरी केली, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग खाली बसले. दादाला पुण्याच्या दवाखान्यात नेऊन चारच दिवस झाले होते, वहिनी त्याच्याजवळ होती. आता तो परत येईल, मग बोलू, असं मी मनाशी घोकत होते… त्या बोलण्याचं पुढं काही झालं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. कचेरीसमोर लाकडी पेटीवर कागद ठेवून तो लोकांचे दस्त लिहायचा, म्हणून सारा मुलूख त्याला 'लिहिणारे दादा' म्हणे. घर घ्यायला निघालेला माणूस आधी त्याच्यापुढं बसायचा आणि दादा त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. विकणाऱ्याच्या नावावर घर आहे का, की अजून मेलेल्या चुलत्याच्या? चारी बाजूंना कोण, ते स्वतः फिरून पाहिलं का? खोली भाड्यानं दिली तर पावती देता का? तोंडी बोलण्यावर घर देऊ-घेऊ नका, हे तो इतक्यांदा म्हणायचा की पोरं त्याची नक्कल करत.

गेले महिनाभर माणसं भेटायला येताहेत. सगळ्यांना आठवते ती त्याची एकच गोष्ट. बाप गेल्यावर भाऊ बहिणीला घेऊन हक्कसोडपत्र लिहायला येत, भावाच्या काखेत नव्या लुगड्याची घडी असे. बहिणीनं घरातला वाटा सोडायचा, लुगडंचोळी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, अशी आपल्याकडची रीत. दादा भावांना बाहेर चहाला पाठवायचा आणि बाईला एकटीला विचारायचा, "ताई, ह्या कागदावर अंगठा दिला की घरातला तुमचा वाटा गेला. द्यायचा नसंल तर आत्ताच सांगा, मी कागद फाडतो." भाऊ चिडायचे, उठून दुसऱ्या लिहिणाराकडं जायचे. त्याचं काम त्यामुळं निम्म्यावर आलं. वहिनी कुरकुरायची, दादा ऐकून घ्यायचा. परवा उरवड्याची एक म्हातारी आली. ओट्यावर बसून डोळे पुसत म्हणाली, "म्या अंगठा दिलाच. पन जल्मात मला इचारलं त्येनी एकट्यानंच."

मी मान हलवली.  दादाला ही सवय कुठून लागली ते मला ठाऊक आहे. एका बाईला त्यानं विचारलं नव्हतं, आणि ती मी.

आमचं घर माले गावात होतं. वडिलांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं, चार खणांचं. आई आधीच गेली होती. मुलींनाही बापाच्या मिळकतीत वाटा देणारा छप्पन सालचा नवा कायदा आला आणि त्यानंतर वर्षाच्या आत वडील गेले. दादाला पौडला बिऱ्हाड करायचं होतं, कचेरीजवळ. त्यानं माल्याचं घर विकायला काढलं आणि मला सासरहून बोलावून घेतलं. कागद तयार होता. मला वाचता येत होतं, पुढं मी मास्तरीण झाले ती काही उगाच नाही. पण भावाचं अक्षर पाहिलं आणि वाचायचं काय त्यात, म्हणून सही ठोकली. कचेरीतल्या साहेबांनी सही तुमचीच ना, मजकूर कबूल ना, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. येताना दादानं मला हिरवं लुगडं घेतलं आणि मी खुशीत सासरी गेले.

पाच वर्षांनी माझे यजमान गेले. सासऱ्यांनी घर आधीच दिराच्या नावे करून दिलं होतं. दीर तोंडानं जा म्हणाला नाही, पण माझी ट्रंक पडवीत आणून ठेवली. ती घेऊन मी पौडला आले. आठवडा गेला. मग एक दिवस जेवता जेवता दादाला विचारलं, माल्याच्या घरात माझं काय होतं?

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "अर्धं," म्हणाला.

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"इसरलो न्हवतो, गोदे. तू मागशील ह्याचं भ्या वाटलं."

खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. मी ताटावरून उठले. त्या दिवसापासून त्यानं भावांना चहाला पाठवायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी पौडच्या या घराची रस्त्याकडची खोली त्यानं बक्षीसपत्रानं माझ्या नावे केली. सगळा दस्त मला मोठ्यानं वाचून दाखवला, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस लिहून देणाराचे घर…  वहिनीनंही मन मोठं केलं. "वन्सं, ह्ये तुमचंच हाय," एवढंच म्हणाली. मी खोली घेतली, त्या छपराखाली सुखानं राहिले, शाळेत नोकरी केली. पण झालं गेलं विसरले, असं मी त्याला कधी म्हटलं नाही. म्हणावंसं वाटायचं, आणि ऐनवेळी ती पडवीतली ट्रंक डोळ्यांपुढं यायची. माझा स्वभावच मेला असा.

ही खोली माझी झाल्यापासून दादा तिच्यात कधी सरळ आला नाही. रोज संध्याकाळी काम आटोपून आला की उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि म्हणायचा, "गोदे, येऊ का?" मी ये म्हटलं की आत यायचा, भिंतीला टेकून बसायचा, चहा प्यायचा. स्वतःच्या घरात कसलं विचारतोस, असं एकदा वहिनी म्हणाली, तर म्हणाला, "तिची खोली हाय. ती न्हाई बी म्हनू शकती."

मी कधी नाही म्हटलं नव्हतं. पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी तो आला. पोटात दुखत होतं, हे मला माहीत होतं. मी परीक्षेच्या वह्या तपासत होते, डोकं भणभणलं होतं. वर न बघता म्हटलं, आत्ता नको. तो थोडा वेळ उभा राहिला असावा. मग बरं म्हणाला आणि गेला. पहाटेच्या गाडीनं त्याला नेलं तेव्हा मी झोपले होते.