जावयाचं घड्याळ

जुनी घड्याळं दुरुस्त करणं हा स्वच्छ छंद आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या घरात तो गेल्या उन्हाळ्यात शिरला. आमचे हे, अंगदराव, नांदूरघाटला शाळेत लिपिक. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांना वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल. केजच्या बाजारातून बंद पडलेली चावीची घड्याळं आणली, चिमटा आणला, डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर दुकान मांडलं.

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत काय असतं, ते मी पाहिलंय. कुणाकुणाचा घाम, मळ, मेलेली कातडी, सगळं मिळून काळा चिकटा झालेला. पट्ट्याचा वास तर असा की पुढ्यातलं कालवण नकोसं व्हावं. हे ती घाण काडीनं कोरून काढत आणि काडी पोळपाटाच्या कडेला ठेवत. एकदा पेट्रोलमधून काढलेली चाकं त्यांनी चहाच्या गाळणीत निथळायला ठेवली. ती गाळणी मी उकिरड्यावर फेकून आले.

तरी गप्प बसले, कारण त्यांनी शब्द दिला होता. हात बसला की आण्णांचं घड्याळ चालू करू आणि त्यांना नेऊन देऊ.

आण्णा म्हणजे माझे वडील, उमापूरचे रामहरी. आमच्या लग्नात हे पंगतीत रुसून बसले. ठरलेलं नवं घड्याळ वेळेवर आलं नव्हतं. भर मांडवात आण्णांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून यांच्या हाताला बांधलं. माझे सासरे सुंदरराव, गावचे पुढारी. त्यांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "घामट हाय की हे." लोक हसले. पुढे नवं घड्याळ आलं, यांनी तेच वापरलं. आण्णांचं ट्रंकेत पडून राहिलं. आण्णांनी मात्र त्यानंतर मनगटाला काही बांधलं नाही. मला ते परत त्यांच्या हातावर बघायचं होतं, एवढंच.

दिवाळीत यांनी ते उघडलं आणि नाक मुरडलं. "शी, किती मळ साचलाय," म्हणाले. मला त्या मळाची किळस आली नाही. रानात राबणाऱ्या माणसाचा घाम तो. किळस आली ती त्या मुरडलेल्या नाकाची. बापाचं नाक लेकाला जसंच्या तसं आलंय.

धुऊनपुसून त्यात खोबरेल घातलं. काही दिवस छान चाललं. पौषात थंडी पडली तसं तेल गोठलं आणि घड्याळ थांबलं. उन्हात ठेवलं की चालू, सावलीत आणलं की बंद.

"केसाला लावायचं तेल घड्याळाला कावून घातलं ओ?" शेजारच्या विमलबाईंनी विचारलं. हे तोंड पाडून बसले.

मग बीडहून घड्याळाचं तेल आणलं, पुन्हा सगळं खोललं, आणि एकदाचं ते नीट चालू लागलं. तसे हे चारचौघांत मनगट पुढं करून फिरू लागले. "जुनं चावीचं हाय. आता असं मिळत न्हाई."

"उमापूरला कधी जायचं?" मी विचारलं.

"आण्णांना एखादं नवीन घेऊ की. म्हातारपणी रोज चावी द्यायला कशाला लावायचं त्यांना?"

जे एवढी वर्षं घामट होतं ते आता मिरवायच्या कामाचं झालं. लाज कशाशी खातात हे या घराला ठाऊकच नाही. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले, तेव्हा घड्याळ उचललं आणि बीडला गाडी बदलून मी उमापूर गाठलं.

आण्णा दारात बसले होते. मी घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. टिकटिक ऐकून हसतील असं वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उतरला. जावयाला दिलेली वस्तू परत येते ती सोयरीक मोडली तरच, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. रागाच्या भरात माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

"काय झालं पोरी? घालवून दिलं का तुला?"

"न्हाई ओ आण्णा. तुमचं हाय म्हणून आणलं."

त्यांना पटलं नाही. घड्याळ माझ्या पिशवीत परत कोंबलं, भिंतीला धरून उठले आणि चपला चाचपू लागले.

"चल, मी येतो संगं. सुंदररावांच्या पाया पडतो. आमचं काय कमी पडलं आसंल तर सांगा म्हणतो."

चूक काय, कुणाची, एक शब्द न विचारता माझा म्हातारा बाप माफी मागायला निघाला होता.