तीन टक्के नेमके कशावर?

"त्या वकिलाला फॅक्स करा. घर नको म्हणावं."

अर्बाब एवढंच बोलले, हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि केबिनमध्ये निघून गेले. आमचे ऑफिस मॅनेजर कासमभाई दापोलीचे. ते पुढे झुकून हळूच म्हणाले, "बाई, आज जरा सांभाळून. काल रात्री घरी मुलगी जेवली नाय म्हणे."

मस्कतच्या रुवी भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी तेव्हा अकाउंटंट होते. आम्ही टायर, बॅटऱ्या आणि पाण्याचे पंप विकायचो. दोन हजार एक-दोनचा सुमार. अर्बाब म्हणजे मालक. त्यांचं नाव सालिम. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईच्या बऱ्याच खेपा झालेल्या, त्यामुळे आमच्याशी ते हिंदीतच बोलत. त्यांची थोरली मुलगी मरियम इंग्लंडमध्ये डॉक्टरकी शिकत होती. धाकट्या असिलालाही तिथल्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. अर्बाबांची अट एकच होती. भाड्याच्या खोलीत नाही, दोघी बहिणी स्वतःच्या घरात राहणार असतील तरच असिला जाईल. घर मरियमनेच शोधलं होतं. ते हातचं गेलं तर असिला मस्कतमध्येच राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. माझीही मुलगी तेव्हा दहावीत होती. फॅक्स करायच्या आधी मी तो कागद नीट वाचायला घेतला.

तो वकिलाच्या बिलाचा अंदाज होता. तिकडे घर घ्यायचं तर सगळे कागदपत्र सॉलिसिटर बघतो. म्हणजे घरांचे व्यवहार करणारा वकील. त्याच्या बिलात त्याची फी होती, फीवर व्हॅट होता, आणि खाली स्टॅम्प ड्यूटी म्हणून एक भलीमोठी रक्कम होती.

मी केबिनमध्ये गेले.

"अर्बाब, एक मिनिट बोलू?"

"काय बोलायचंय? एका घराला दोन टॅक्स? आपल्या मुलखात मी आयुष्यात असला टॅक्स दिला नाही. हा माणूस चोर आहे."

"मत्र्याच्या बंदरातून आपला माल सुटतो, तेव्हा क्लिअरिंग एजंट बिल देतो. त्यात काय असतं?"

"कस्टम ड्यूटी. आणि त्याचं कमिशन."

"ड्यूटी तो खिशात घालतो?"

"नाही. ती सरकारची."

"इथेही तसंच आहे. स्टॅम्प ड्यूटी घरावर, ती सरकारची. वकील फक्त आपल्या वतीने भरतो. व्हॅट त्याच्या कामावर, तोही सरकारचा. आणि तो त्याने फक्त स्वतःच्या फीवर लावलाय, ड्यूटीवर नाही. मी तपासलं. वकिलाच्या हातात फक्त फी राहते."

अर्बाबांनी कागद परत हातात घेतला. चेहरा थोडा सैल झाला, पण थोडाच.

"मग सरकार चोर आहे," ते म्हणाले. "एवढी ड्यूटी कशी? मरियम म्हणाली होती, एक टक्का."

हा प्रश्न मात्र बरोबर होता. मी वकिलाला फोन लावला. वकील म्हणजे शांत आवाजाच्या एक बाई निघाल्या. त्यांनी समजावलं ते असं. घराची किंमत अडीच लाख पौंडांपर्यंत असली तर ड्यूटी एक टक्का. त्यापुढे गेली की तीन टक्के. आणि हे तीन टक्के फक्त वरच्या रकमेवर नाहीत, अगदी पहिल्या पौंडापासून सगळ्या किमतीवर. मरियमचं घर दोन लाख त्रेपन्न हजारांचं होतं. रेघेच्या जेमतेम पलीकडे.

"घरमालक तीन हजार कमी करेल का?" मी विचारलं.

"विचारून झालं. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय त्यांना."

आमच्याकडे तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची, आणि आज मंगळवार होता. मी फोन ठेवला आणि मरियमला लावला. खरं म्हणजे तिला धीर द्यायला.

ती रडवेली झाली होती. "आंटी, इतकं छान घर आहे. आम्हाला काहीच घ्यावं लागणार नाही. सोफे, पलंग, गालिचे, पडदे, फ्रिज, डायनिंग टेबल, सगळं तिथेच आहे."

"सगळं म्हणजे? ते लोक सामान नेणार नाहीत?"

"नाही. ते कॅनडाला मुलाकडे चाललेत. सामान किमतीतच धरलंय."

मी तिला थांबवलं आणि पुन्हा वकीलबाईंना फोन केला. "ड्यूटी घरावर आहे ना? मग सोफ्यावर का देतोय आम्ही?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सामान राहणार आहे हे मला कुणी कळवलंच नव्हतं. तुमचं बरोबर आहे. उचलून नेता येतं त्यावर ही ड्यूटी नाही. भिंतीत बसवलेली कपाटं मात्र घरातच मोजायची. आणि सामानाची किंमत खरी हवी. सरकार विचारू शकतं."

मी अर्बाबांना सांगितलं. ते खुर्चीत ताठ बसले.

"मग सामान वीस हजारांचं लिहा. वर आणखी वाचतील."

"नाही अर्बाब. वापरलेले पडदे आहेत, सोन्याचे नाहीत. खोटं लिहिलं तर दंड होईल आणि मरियमच्या नावावर डाग लागेल. आपल्याला फक्त रेघेच्या अलीकडे यायचंय. खरं सामान तेवढ्याला पुरलं तर पुरलं, नाहीतर तीन टक्के भरायचे."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "ठीक. जे खरं असेल ते."

वकीलबाईंनी सामानाची किंमत ठरवायला तिथल्या एका जुन्या सामानाच्या लिलाववाल्याला त्या घरी पाठवलं. गुरुवारी मी सुट्टी असून ऑफिसला गेले. कासमभाईही आले, करक, म्हणजे तिकडच्या दाट दुधाच्या चहाचे कप घेऊन. दुपारी फॅक्स खडखडला. सामानाची किंमत साडेपाच हजार पौंड. मी दोनदा वाचलं. घर दोन लाख साडेसत्तेचाळीस हजारांचं झालं होतं. ड्यूटी एक टक्का. आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. घरमालकाची हरकत नव्हती. त्याला पैसे तेवढेच मिळणार होते.

अर्बाबांना त्यांच्या सीबच्या घरी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन बाजूला धरून आत अरबीत काहीतरी सांगितलं. पुढचं मला फोनवर नीट ऐकू आलं. बायकांचा एकच गलका, आणि त्यात असिलाचा आवाज सगळ्यांच्या वर. कासमभाईंनाही टेबलापलीकडून ऐकू गेला. आम्ही दोघं उगीचच हसत बसलो.

सप्टेंबरात असिला गेली. आज ती फार्मासिस्ट आहे.

माझा फायदा म्हणाल तर अर्बाबांनी सगळ्यांदेखत मला 'उस्ताद' म्हटलं, आणि त्यानंतर त्यांच्या भावांची, मेव्हण्यांची, शेजाऱ्यांची परदेशी बिलं माझ्या टेबलावर येऊ लागली. प्रत्येक जण टॅक्स किती हेच विचारायचा. तो कशावर लावलाय, हे एकानेही कधी विचारलं नाही. ते मी विचारायची. त्याची वेगळी फी लावावी, हे मात्र मला नोकरी सोडेपर्यंत सुचलं नाही.