मॅडमचं हाय आणि साबळेंचं हाय

आमच्या बीडच्या ऑफिसात आम्ही तिघं. काम सांगायला सोपं. सरकारी दवाखाने, खासगी लॅब, गावोगावची शिबिरं, सगळीकडून पेशंटची माहिती येते. प्रत्येकाची लिहायची तऱ्हा निराळी. ती एका साच्यात बसवायची आणि संशोधन करणाऱ्यांना द्यायची. माहिती हळूहळू साफ होते, किस्से मात्र साचतच जातात. ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत!

देशपांडे मॅडम आमच्या प्रमुख, पुण्याच्या. साबळे आष्टीचे, फिल्डवर फिरणारे. मी कॉम्प्युटरवर.

मॅडम नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. चौसाळ्याच्या शिबिराची फाईल आली, त्यात बीपीचा रकानाच कोरा. मॅडमनी साबळेंना फोन लावला.

"पहिल्या पेशंटचं बीपी?"

"हाय."

"पुढच्यांचं?"

"हाय, मॅडम."

"सगळ्यांचंच हाय?"

"सगळ्यांचं हाय! मी सोता बसून मोजून घेतलंय."

मॅडमनी अख्ख्या शिबिराला उच्च रक्तदाब लावून टाकला. दुसऱ्या दिवशी साबळे आकडे घेऊन आले. एकूण एक नॉर्मल.

"मग काल हाय कावून म्हणालात?" मॅडमनी तोपर्यंत 'का'ऐवजी 'कावून' म्हणायला शिकून घेतलं होतं.

"हाय म्हणूनच हाय म्हणलो की!"

*

चकलांब्याला माणसांचं आणि जनावरांचं शिबिर एकाच दिवशी, शाळेच्या एकाच व्हरांड्यात झालं. फाईलमध्ये एक नोंद होती: लक्ष्मी, वय तीन वर्षं, बाळंतपणं दोन, दुसऱ्या वेळी जुळं.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. साबळेंनी चौकशी करून फोन केला, "शेळी हाय, मॅडम."

मॅडम खाली बसल्या. "तब्येत कशी आहे तिची?"

"आपल्या यादीत सगळ्यात ठणठणीत तीच!"

*

एका आजोबांचं वय तीन कागदांवर तीन निराळं. साबळे थेट घरी गेले. "बाबा, तुमचं वय किती?"

आजोबांनी सावकाश चष्मा पुसला.

"कशासाठी पायजे, ते आदी सांग."

*

आष्टीकडची एक ऊसतोडीला जाणारी बाई, पोटुशी. शिबिरात हिमोग्लोबिन सहा निघालं. आठवड्यानं लॅबमध्ये बारा. नाव, गाव, नवरा, सगळं तेच. आमचा नियम असा, की दोन आकडे आले तर ताजा ठेवायचा. म्हणजे बाई धडधाकट, आणि उसाच्या फडावर जायला मोकळी.

मॅडमचा हात माऊसवर थांबला. "आठवड्यात दुप्पट? साबळे, गाडी काढा."

आम्ही पोचलो तेव्हा टोळी निघायच्या तयारीत होती. बाई धापा टाकत भांडी बांधत होती. मॅडमनी विचारलं, "लॅबमध्ये रक्त कुणाचं दिलं?"

"जावेचं." कसलाच आडपडदा नाही. "शिबिरातल्या बाई म्हणल्या, रक्त लई कमी हाय, चांगलं पायजे. आमच्या घरात चांगलं रक्त जावेचंच. मग तिलाच धाडलं."

नवरा कुरकुरला, पण मॅडमनी तिला गाडीत बसवून बीडला आणलं. टोळी दुसऱ्या दिवशी तिच्याशिवाय गेली. पुढे बाळंतपण नीट झालं, पोरगी झाली.

पण त्या दिवशी दवाखान्यात तिला रक्ताची पिशवी लावली, तेव्हा ती त्या पिशवीकडे टक लावून बघत राहिली.

"भीती वाटते का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. मग हळूच, "हे जावेचं तर न्हाई ना? तिला तोडीला जायचंय."