फ्यूज उडाला नव्हता

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण पालीचं ते एक प्रकरण मनातून जात नाही. तेव्हा विजेचे दिवे रत्नागिरीच्या बाजूला नवलाचे होते. पालीत एका भातगिरणीच्या मालकाने तेलाच्या इंजिनावर डायनामो बसवला होता आणि बाजाराच्या दिवशी लोक मुद्दाम त्याचे दिवे पाहायला थांबत. मी त्या वेळी फौजदार होतो.

एका सकाळी वर्दी आली, की गिरणीच्या आवाराबाहेर एक मासळीवाली मरून पडली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ती जांभ्या दगडांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीला लागून पडली होती. पाटी उलटलेली, भोवती बांगडे विखुरलेले. अंगावर मार नव्हता, फक्त उजव्या तळव्यावर भाजल्यासारखी बारीक रेघ होती. "उन्हातून चालत आली, जीव घाबरा झाला असेल," असं गिरणमालक म्हणाला. तो गावातला वजनदार आणि देवभोळा माणूस. पंचनामा करून मी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आणि प्रेत शवविच्छेदनासाठी रत्नागिरीला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मृत बाईची सोबतीण ठाण्यात आली. दोघी एकाच खाडीवरच्या, मासळी विकायला बरोबरच फिरायच्या. हवालदाराने तिला बसायला सांगितलं, पण ती उभ्यानेच बोलली.

"साहेब, ती आपसूक पडली नाय. पाटी टेकवायला गेली नि गडग्यावरची तार धरलान. तशीच उभी थरथरत रायली. मी ओढायला गेले तर मलाच कोणी झटका मारल्यागत झालं."

"काल का नाही सांगितलंस?"

"काल तोंडातून शब्द फुटत नव्हता, साहेब."

पंचनाम्यात तारेचा उल्लेखच नव्हता, कारण आम्ही गेलो तेव्हा तिथे तार नव्हती. पुन्हा जाऊन पाहिलं, तर गडग्यावरच्या खुंट्यांवर ओरखडे होते. लाकूड आतून ताजं, पांढरं दिसत होतं. मालकाला समोर बसवलं. आधी त्याने कानावर हात ठेवले. मी त्याला एका खुंटीपाशी नेऊन उभं केलं, तेव्हा तो खाली बघू लागला.

"तार होती, साहेब. आंबे चोरीला जातात म्हणून लावली होती. बाई पडल्यावर घाबरून काढली. पण त्या तारेने मुंगीही मरायची नाही!"

"कशावरून?"

"फ्यूज बघा ना. शाबूत आहे. वीज अंगातून गेली असती तर फ्यूज उडाला असता."

एवढं बोलून त्याने गोदामातून तीच तार आणली आणि बोर्डाला जोडली. इंजिन चालूच होतं. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्याने तारेला बोट लावलंसुद्धा. त्याने हात मागे घेतला आणि तो हसला. "झिणझिण्या येतात, बस. माझ्या मुलीलासुद्धा हात लावून बघायला सांगितलं होतं, तिची भीती जावी म्हणून."

खोटं बोलणारा माणूस असा हात पुढे करत नाही. आणि फ्यूज खरोखरच शाबूत होता.

मी त्याला घेऊन रत्नागिरीतल्या हायस्कुलात विज्ञानाच्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सहा व्होल्टची बॅटरी काढली आणि मला दोन पितळी दांडे धरायला दिले. प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम हलला.

"आता हे करा," म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्याचं भांडं पुढे केलं. हात बुडवून मी दांडे पुन्हा धरले. काटा झरकन पुढे गेला. अँपिअरचे चार सहस्रांश.

मास्तर फळ्याकडे वळले. "व्होल्टला अँपिअरने भागलं की अंगाचा विरोध मिळतो. सहा भागिले चार सहस्रांश, म्हणजे दीड हजार ओहम. गिरणीचा डायनामो दोनशेवीस व्होल्टचा. दोनशेवीस भागिले दीड हजार, साधारण पंधरा शतांश अँपिअर. एवढा प्रवाह छातीतून गेला तर काळीज बंद पडू शकतं. तुमचा फ्यूज किती अँपिअरचा?"

"पाच," मालक म्हणाला.

"मग तो कशाला उडेल? व्होल्टला अँपिअरने गुणा. तेहतीस वॅट. तुमच्या ओसरीवरचा दिवा याहून जास्त वीज खातो. तुमचं बोट कोरडं होतं, पायात वहाणा होत्या. ती बाई अनवाणी होती, आणि पाटीतलं खारं पाणी तिच्या हातांवरून, लुगड्यावरून निथळत होतं."

मी फळ्यावरच्या आकड्यांकडे पाहत राहिलो. ओसरीवरच्या दिव्यालाही पुरणार नाही एवढ्या विजेने एक धडधाकट बाई उभ्या उभ्या गेली होती.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मालक जमिनीवर बसला होता.

"साहेब," तो कसंबसं म्हणाला, "माझी पोर विहिरीवरून कळशी घेऊन त्याच गडग्याला धरून येते."

त्यानंतर त्याने काही लपवलं नाही. तार काढल्याचाही जबाब दिला. हयगयीने मृत्यू घडवल्याचा खटला झाला, त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली.

निकालानंतर मी त्या बाईच्या घरी गेलो. तिचा नवरा खाडीच्या कडेला होडीला तेल लावत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. कोरडा हात, ओला हात, सगळं.

"म्हणजे त्यानं मुद्दाम नाय केलान?"

"नाही."

तो तेलाचं फडकं पिळू लागला. मग म्हणाला, "पण साहेब, मासळीवाली बाई कोरड्या हातांनी कशी येईल?"

तोवर मी प्रत्येक गुन्ह्यात वाईट हेतू शोधत आलो होतो. इथे हेतू नव्हता आणि तरी एक घर उजाड झालं होतं. पुढे नोकरीत, "मी स्वतः करून पाहिलंय, काही होत नाही," असं कोणी छाती ठोकून सांगितलं, की मी त्याला एकच विचारत असे: तिथे तुमच्याशिवाय आणखी कोणाचा हात पोहोचतो?