शेजारच्या पोस्टला हाक

लातूरच्या भूकंपानंतरच्या वर्षी आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेला गेली. देशाचं नाव सांगत नाही. तिथली भांडणं अजून मिटलेली नाहीत. आमच्या प्लाटूनकडे एक लोखंडी पूल होता. त्यावरून धान्याचे ट्रक जायचे, ते बंद पडू द्यायचे नाहीत, एवढंच काम. मी सिग्नलचा लान्स नाईक, शेख मैनुद्दीन, राहणार औसा.

सध्या लातूरला एका क्लासच्या होस्टेलवर मी रेक्टर आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं 'विकसनशील देशांमधील सहकार्य' हे प्रकरण घोकत जिन्यात फेऱ्या मारतात. मुद्दे सगळे बरोबर असतात. त्यात तो पूल नसतो, म्हणून हे लिहितोय.

पुलापासून तीन किलोमीटरवर पाकिस्तानची पोस्ट होती. टोपी दोघांचीही निळी. रोज ०६०० आणि १८०० ला रेडिओ चेक, पण तोही सेक्टर हेडक्वार्टरमार्फत. सेक्टरच्या परवानगीशिवाय थेट त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं नाही, असा लेखी हुकूम होता. साहेब लोकांचंही चुकत नव्हतं. सरहद्दीवर दोन देशांचं काय चाललंय, ते सगळ्यांना माहीत होतं.

नाईक मिलिंद वाठोरे हदगाव तालुक्यातला. कंपनीत मराठवाड्याचे आम्ही दोघंच. भूकंप झाला तेव्हा मी युनिटमध्ये होतो आणि तो सुट्टीवर. औशाला फोन लागेना. त्यानं कुणाला विचारलं नाही. एसट्या बदलत औशाला गेला, आमची पडलेली भिंत पाहिली, अब्बा-अम्मीला तंबूत गाठलं आणि मला तार केली, सगळे सुखरूप. वर कायम ऐकवायचा, "तुझ्या अम्मीनं लई तिखट कालवण वाढलं रे. भूकंपातून वाचलो, जेवणानं गेलो असतो."

त्या दिवशी सुभेदार साहेब बहुतेक जवान घेऊन नदीपलीकडून ट्रक आणायला गेले होते. पोस्टवर आम्ही सहा जण, कमांडर मिलिंद. १४१० ला टेकडीवरून फायर आलं. पहिल्याच बर्स्टमध्ये मिलिंदच्या मांडीत गोळी गेली. मी त्याला वाळूच्या पोत्यांमागे ओढलं, पट्टी आवळली. रक्त थांबेना. बाकीचे चौघे फायर देत होते. सुभेदार साहेबांचा सेट टेकडीआड होता, तिकडून उत्तर नव्हतं. आमचा डॉक्टर साठ किलोमीटरवर. शेजारच्या पोस्टवर डॉक्टरही होता आणि चिलखती गाडीही.

१४१४ ला मी सेक्टरला कॉल दिला. "एक कॅज्युअल्टी, सिरियस. शेजारच्या पोस्टची मदत हवी. ओव्हर."

"वेट. आउट."

१४२० ला पुन्हा मागितलं. "परमिशन अवेटेड. वेट. आउट."

त्यांची फ्रिक्वेन्सी मला पाठ होती. बटण फिरवायचा अवकाश. पण हात सेटवर ठेवून मी बसून राहिलो. हुकूम मोडला म्हणून कोर्टमार्शल होईल, ही भीती नव्हती. भीती नावाची होती. परवानगी नसताना पाकिस्तानशी बोलला तो कोण, तर शेख. हे कागदावर कसं दिसेल, उद्या औशात अब्बांच्या दुकानासमोर लोक काय बोलतील, हे मी मोजत होतो. बटालियनमध्ये मला कधी कुणी वावगं बोललं नव्हतं. तरी मोजत होतो. त्याची लाज आजही वाटते.

मिलिंद माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं कळत होतं.

"शेख, लाव."

"परवानगी येऊन राहिली."

"मी कमांडर हाय. हुकूम देतो. विचारलं तर सांग, वाठोरेनं लावायला लावलं."

१४२७ ला मी फ्रिक्वेन्सी बदलली.

"इंडियन पोस्ट बोल रहा हूँ. जवान ज़ख़्मी है, ख़ून रुकता नहीं. डॉक्टर होना."

"फायर चल रहा है?"

"जी."

खरखरीत पलीकडे कुणीतरी गाडी काढायला ओरडलं. मग आवाज आला, "आ रहे हैं. उसे जगाए रखो."

१४३९ ला त्यांची गाडी फायरमधून पुलावर आली. डॉक्टर कॅप्टन होता, तरुण. तो चिखलात गुडघे टेकून बसला. त्याच्या दोन जवानांचा रक्तगट जुळला. दोघं बाह्या वर करून मिलिंदशेजारी आडवे झाले. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

१५०५ ला मिलिंद गेला. डॉक्टर म्हणाला, "थोड़ा पहले अगर..." माझ्याकडे पाहून त्यानं वाक्य सोडून दिलं. १५१२ ला सेक्टरचा कॉल आला. परमिशन ग्रँटेड.

चौकशी झाली. फ्रिक्वेन्सी कुणाच्या हुकमानं बदलली? मी म्हणालो, नाईक वाठोरेंच्या. त्यांनी ते लिहून घेतलं. मला शिक्षा झाली नाही. मेलेल्या माणसानं मला पाठीशी घातलं.

दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला, मी हदगावला जातो. त्याची आई मला लेकराप्रमाणे वागवते. बरीच वर्षं मी तिला अर्धंच सांगितलं होतं. एका वर्षी माणसं पांगल्यावर मिनिटांसकट सगळं सांगून टाकलं. ती धान्य निवडत होती. हात थांबले.

"त्यानं सांगायच्या आधी का न्हाई लावलास?"

"माझं नाव शेख हाय ना, माय."

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "नावापायी थांबणं मला नको सांगू, बाबा. मी लहानपणी हिरीवर घागर घेऊन थांबत व्हते. कुनीतरी वरून पाणी घालंल म्हणून. मला समजतं."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून म्हणाली,

"पर तेरा मिनिटं लई झाली रं, लेकरा."