जिंकेल त्यानं द्यायचं!

बहरीनमध्ये हाउजीला पैसे लावता येत नाहीत, हा कायदा मला मान्य नाही. (करताना मला कुणी विचारलंही नव्हतं!)

झालं असं, की आमच्या यांच्या गावचा दत्ता, ड्रायव्हर, पाय मोडून सलमानिया हॉस्पिटलात पडला होता. दोन दिवसांत घरी सोडणार. घरी म्हणजे कंपनीच्या खोलीत, एकटाच! प्लास्टर निघेपर्यंत त्याला डबा कोण देणार? 'मी' म्हणायचं सोडून (मला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा आहे) मी मराठी मंडळाची हाउजी जाहीर केली. तिकिटाच्या पैशांतून दत्ताची खाणावळ!

झिंजमधल्या हॉलचा मॅनेजर आडवा आला. "कॅश मफी, बहनजी! नहीं चलेगा!"

"तो कार्ड?"

"कार्ड भी मफी! पैसा लगाया तो जुआ. चॅरिटी का जमा किया तो परमिशन लाव."

"मोबाइल से?"

"मोबाइल में क्या पैसा नहीं होता?"

"टिकट के बदले नारियल?"

"वो भी पेमेंट!"

माझं डोकं फिरलं. मी माईक हिसकावला. "तिकीट फुकट! आणि बक्षीस घ्यायचं नाही, द्यायचं! लाइन लागली की आठवडाभर दत्ताला डबा. फुल हाउस, महिनाभर! यल्ला, सुरू करा!"

आमचे हे कुजबुजले, "गो, तुका जेलात जावचा आसा काय?"

"जाईन! तिथे निदान आयतं जेवण मिळेल."

यांनी आकडे काढायला सुरुवात केली. एकाचीही लाइन लागेना! एरवी पहिल्या पाच आकड्यांत किंचाळणाऱ्या बायका तिकिटावर बश्या ठेवून भजी खात होत्या. पन्नास झाले, सत्तर झाले. हॉलमध्ये फक्त चावण्याचा आवाज!

"डबो रिकामो झालो," हे म्हणाले. "नव्वदच्या नव्वद आकडे खलास!"

"मग फुल हाउस कुणाचं?" मी ओरडले. सगळे छताकडे बघू लागले. मला भयंकर राग आला. त्या माणसाला घरी सोडल्यावर कोण जेवू घालणार होतं?

तेवढ्यात टेबलावरच्या मोबाइलमधून आवाज आला. करमणूक म्हणून दत्तालाही तिकिटाचा फोटो पाठवला होता, आणि तो आत्ता कुठे व्हिडिओ कॉलवर उगवला होता. सगळे आकडे निघाले, एवढंच त्याने ऐकलं; नियम ऐकलेच नव्हते!

"वयनी, माझा फुल हाउस झाला! बक्षीस काय आसा?"

भजी खाणारे हात थांबले. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"महिनाभर घरचा डबा, दत्ता!" मी ठणकावून सांगितलं.

मॅनेजर धावला. "बहनजी, प्राइज दिया तो फिर जुआ हो गया!"

"हो गया तो हो गया! बुलाव पोलीस को!"

पोलीस आले नाहीत. आमचे हे मात्र माईकपाशी गेले आणि म्हणाले, "डबा आमच्या घरून जाईल. हिनेच जाहीर केलाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात बश्यावाल्या बायकांनी वाजवल्या.

महिनाभर मी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. कायदा मला अजूनही मान्य नाही. पण अख्ख्या बहरीनमध्ये फुकट तिकिटाच्या जुगारात हरलेली बाई शोधायची असेल, तर पोलिसांनी सरळ माझ्या स्वयंपाकघरात यावं. येताना डबा घेऊन यावा!