बरातअलीचा डगला

इस्फहानच्या वेशीबाहेर मिर्झा नसरुल्लांचा कबुतरखाना होता, मातीचा भलाथोरला बुरूजच म्हणा ना. म्हातारा बरातअली त्याचा राखणदार. कुठे साप शिरलाय का ते बघायला तो रोज आत जायचा. एकटाच, आणि कायम त्याच मेंढीच्या कातड्याच्या डगल्यात. पाखरांच्या खतावर मिर्झांची खरबुजं पिकायची, आणि काय गोडी त्यांची! बोटाला बोट चिकटायचं.

तर ऐन अंड्यांच्या दिवसांत एक फिरंगी प्रवासी शहराच्या हाकिमाचा हुकूम घेऊन दारात उभा राहिला. त्याला बुरूज आतून बघून चित्र काढायचं होतं.

"मालक, आत्ता नको हो," बरातअली काकुळतीला आला. "एकदा बिथरली की सगळी उठतील. अंडी गार पडतील आणि पाखरं जाऊन बसतील पलीकडच्या बुरुजात."

"मग हाकिमाला नाही म्हणून तू सांगतोस?" मिर्झा खेकसले. "आणि पाखरं गेली, तर तूही त्यांच्यामागे पलीकडेच जा. इथे तोंड दाखवू नकोस."

बरातअलीने फिरंग्याला बूट काढायला लावले आणि स्वतःचा डगला उतरवून त्याच्या अंगावर चढवला. फिरंग्याने नाक मुरडलं.

"हे कधी धुतलं होतं?"

"धुतलं असतं, तर पाखरांनी तुम्हाला आत घेतलं नसतं, साहेब."

फिरंगी पुढे झाला. आत काळोख, भिंतभर खणच खण आणि घुमणं. तो मान वर करून बघतच राहिला. एक पीस हललं नाही. बरातअलीने सुटकेचा श्वास टाकला आणि पाठोपाठ आत पाऊल टाकलं.

फडफड!

आधी एक, मग चार, मग सगळा बुरूज गरजायला लागला. वरच्या भोकांतून काही पाखरं बाहेर पडलीसुद्धा. पण फिरंग्याची कुणालाच भीती नव्हती. बरातअलीने स्वतःकडे पाहिलं. अंगात नुसता पांढरा सदरा! पुढे जावं तर फडफड, मागे सरकावं तर फडफड. तो खांबासारखा थिजला.

फिरंग्याने हळूच डगल्याची एक बाजू उचलली आणि म्हाताऱ्याला आत ओढलं. नाक फिरंग्याच्या काखेत खुपसून बरातअली रोजच्यासारखं पुटपुटू लागला, "या गं... या गं माझ्या बायांनो..." पंख एकेक करून मिटत गेले. अंड्यांवरची पाखरं पुन्हा अंड्यांवर टेकली.

दोघे तसेच, एका डगल्यात, पावलं घासत बाहेर आले. मिर्झा तोंड वासून बघत राहिले. उडालेली पाखरं माथ्यावर घिरट्या घालत एकेक आत उतरत होती.

"फडफड ऐकली मी!" मिर्झा ओरडले. "परका माणूस आत गेला की हेच व्हायचं."

"खरंय, मालक," बरातअली म्हणाला. "आज परका मीच ठरलो."

"चित्र काढायचं राहूनच गेलं," फिरंगी चाचरत म्हणाला. "उद्या येऊ?"

"या की. पण डगला मी घालणार."

"आणि मी?"

"तुम्ही काखेत."